विडी सुटली, गोळी चढली

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून जत-कवठेमहांकाळपासून पार कर्नाटकापर्यंतची माणसं आजारी पडली की मिरजेची वाट धरतात. त्यांतल्या काहींच्या पिशवीत मनाच्या आजाराच्याही गोळ्या असतात. आजार न्यूमोनियाचा असो की खुब्याच्या हाडाचा, या गोळ्यांकडे दुर्लक्ष परवडत नाही.

समजा, जतचा पन्नाशीचा एक शेतकरी न्यूमोनियानं ॲडमिट झाला. स्किझोफ्रेनियासाठी, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात अशा मनाच्या आजारासाठी, तो वर्षानुवर्षं रोज ३०० मिलिग्रॅम क्लोझापिन घेतो, आणि दिवसाला एक बंडल विडी ओढतो. वॉर्डात विडी बंद झाली. गोळ्या मात्र बायकोनं न चुकता दिल्या, नेहमीएवढ्याच. चार-पाच दिवसांनी तो गुंगीत दिसायला लागला. लाळेनं उशी भिजते, उठवून बसवलं की चक्कर येते. घरच्यांना वाटतं, तापानं अशक्तपणा आलाय.

खरा खेळ यकृतात चाललेला असतो. क्लोझापिनचा निचरा मुख्यतः सीवायपी १ए२ नावाचं एक एन्झाइम करतं. विडी-सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला हे एन्झाइम जास्त बनवायला लावतात, म्हणून ओढणाऱ्याला डोसही जास्त लागतो. धूर थांबला की आठवड्याभरात एन्झाइम ओसरतं आणि तोच डोस रक्तात साधारण दीडपट भरतो, कधी त्याहूनही जास्त. त्यात न्यूमोनियासारख्या संसर्गाची सूज हे एन्झाइम आणखी मंदावते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक दिलं, तर तेही त्यालाच अडवतं. औषधाची पातळी फार वाढली तर फिटचे झटकेही येऊ शकतात.

हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. आपल्याकडे चुना लावून तंबाखू मळणारे गल्लोगल्ली आहेत, मिश्री लावणाऱ्या आज्याही आहेत. त्यांच्या बाबतीत हा हिशेब लागू होत नाही. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘तंबाखू: आहे’ लिहून भागत नाही. ‘ओढता की मळता?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. निकोटिनचं च्युइंगम दिलं तर तलफ भागेल, पण यकृतातलं एन्झाइम वाढणार नाही.

उलटा धोकाही आहे. अनेक घरं लाजेपोटी या गोळ्यांना ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात, किंवा सांगतच नाहीत. मग ऑपरेशनसाठी उपाशी ठेवण्यात दोन-तीन दिवस गोळी चुकते आणि आठवण झाल्यावर कुणीतरी पूर्ण डोस देऊन टाकतं. हे फार घातक आहे. क्लोझापिनचा खंड ४८ तासांहून जास्त पडला, तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर गोळी चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावं.

मनाच्या आजारासाठी महिन्याला घेतलेलं इंजेक्शन तर कुणाच्या गणतीतच नसतं. पण त्याचं औषध कित्येक आठवडे अंगात असतं. अशा रुग्णाला उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं, तर दोन्ही औषधं मिळून डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवतात आणि मान वाकडी होणं, अंग आखडणं सुरू होऊ शकतं. जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला, तर डॉक्टरांना तातडीनं बोलवावं.

बद्धकोष्ठाबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण ते सांगायला माणसं संकोचतात. क्लोझापिननं आतड्याची हालचाल मंदावते, कधी थांबतेच, आणि त्यानं जीवही गेले आहेत. ‘तीन दिवस पोट साफ नाही’ हे राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगण्यात कसली लाज?

दवाखान्यात येताना गोळ्यांची पाकिटं, मानसोपचारतज्ज्ञांची फाइल, शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि विडीचा खरा आकडा घेऊन यावं. डोस आपल्या मनानं कमी-जास्त करू नये, वॉर्डातल्या डॉक्टरांना मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला सांगावं. आणि डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा एकदा विचारावं. कारण दवाखान्यात डोस कमी केलेला असेल आणि जतची एसटी पकडण्याआधीच स्टँडवर विडी पेटली, तर एन्झाइम पुन्हा वाढतं, गोळी अपुरी पडते, आणि काही आठवड्यांनी जुने आवाज परत ऐकू यायला लागतात.