पॅलेट, कंटेनर आणि न जुळणारी मापं

खोक्यांची लांबी-रुंदी-उंची, वजन आणि नग भरले की कोणता खोका कंटेनरमध्ये कुठे ठेवायचा, हे सॉफ्टवेअर आज काही सेकंदांत दाखवतं. हे काम संगणकाकडे गेलं यामागे जागेची टंचाई तर आहेच, पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. पॅलेट (खोकी रचून एकदम उचलता यावीत म्हणून खाली ठेवायची फळ्यांची चौकट) आणि कंटेनर यांची मापं दोन वेगळ्या मंडळींनी, वेगळ्या गरजांपोटी ठरवली.

पॅलेट आधीचं. फोर्कलिफ्ट या माल उचलणाऱ्या गाडीच्या जोडीने ते पसरलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने दारूगोळा आणि शिधा हलवण्यासाठी त्याचा प्रचंड वापर केला. पुढे अमेरिकेत 48 × 40 इंची पॅलेट रुळलं. युरोपात रेल्वे कंपन्यांनी 1961 मध्ये 1200 × 800 मिलिमीटरचं, आपसांत अदलाबदल करता येणारं पॅलेट स्वीकारलं. त्यांच्या डोळ्यांसमोर रेल्वेचे डबे आणि ट्रक होते.

कंटेनरची सुरुवात 26 एप्रिल 1956 ची मानली जाते. अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल-एक्स’ हे जहाज त्या दिवशी 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. सुट्ट्या गोणी आणि पेट्या हातांनी चढवण्यात जाणारा वेळ आणि पैसा वाचवणं, हा त्यामागचा हिशेब. 1960 च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकं ठरली, तेव्हा बाहेरची रुंदी 8 फूट पक्की झाली. पत्र्याच्या भिंती वजा जाता आत उरतात साधारण 2.35 मीटर.

सगळी गोची इथेच आहे. युरोपीय पॅलेटची लांब बाजू 1.2 मीटर, अशी दोन शेजारी ठेवायची तर 2.4 मीटर लागतात. पाच सेंटिमीटरने गणित फसतं. मग एक रांग आडवी आणि एक उभी लावतात. 20 फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे 5.9 मीटर, म्हणजे एका रांगेत 4 आणि दुसरीत 7, एकूण 11. तरी जवळपास चौथाई फरशी रिकामीच राहते. 40 फुटीत 10 आणि 15 मिळून 25 बसतात, पण लांबीत शिल्लक फक्त दोन-तीन सेंटिमीटर. खोकी पॅलेटच्या कडेबाहेर जराशी फुगली, तरी शेवटचं पॅलेट दारात अडकतं. कागदावरचे 25 प्रत्यक्षात 24 होतात ते असे.

हे एकाच मापाच्या पॅलेटचं झालं. वेगवेगळ्या मापांची सुटी खोकी आली की शक्य रचनांची संख्या आवाक्याबाहेर जाते, आणि सर्वोत्तम रचना हमखास शोधून देणारी झटपट पद्धत गणिताला आजही सापडलेली नाही. सुरुवातीचा आधार मिळाला तो कापणीच्या प्रश्नातून. कागदाचा मोठा रोल किंवा काचेचा तक्ता कमीत कमी वाया घालवून कसा कापायचा, यावर गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 पासून निबंध लिहिले. कापणं आणि भरणं हा गणिताच्या दृष्टीने एकच प्रश्न! 1980 मध्ये जॉर्ज आणि रॉबिन्सन यांनी कंटेनरसाठी सोपी युक्ती मांडली: आतल्या टोकापासून दारापर्यंत खोक्यांच्या एकामागोमाग एक भिंती उभ्या करत यायचं. माल भरणारे कामगार साधारण असंच करत आले होते. पुढे छोटे संगणक कचेऱ्यांत आले आणि ही गणितं विकत मिळू लागली.

पण जागा भरली म्हणजे काम झालं असं नव्हे. 1995 मध्ये बिशॉफ आणि रॅटक्लिफ यांनी प्रत्यक्ष भरणीतल्या बारा अटी मांडल्या. कोणता खोका उलटा ठेवायचा नाही, कशावर किती भार चालेल, आधी उतरवायचा माल दाराशी आहे का, वजन एका बाजूला तर झुकत नाही ना. नव्या सूत्रांपेक्षा हा निबंध मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्यक्ष भरणीची भाषा त्यात गणितवाल्यांपर्यंत पोचली. पॅलेटवरही तेच. विटांसारखे सांधे चुकवून थर रचले की ढीग घट्ट बसतो, पण पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला नाही, तर खालचा थर लवकर चेपतो.

वजनाकडे जगाचं लक्ष वळायला अपघात कारणीभूत ठरले. 2007 च्या जानेवारीत इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ जहाजाच्या सांगाड्याला तडे गेले. नंतर डेकवरचे कंटेनर तोलले, तेव्हा सुमारे 20 टक्क्यांचं वजन कागदोपत्री वजनापेक्षा 3 टनांहून अधिक वेगळं निघालं. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. भरलेला कंटेनर तोलणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे आतली प्रत्येक वस्तू, पॅलेट आणि बांधणीचं सामान तोलून त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवणं. हा दुसरा मार्ग धरला, तर भरणीच्या आराखड्यातली नगांची यादी आणि प्रत्यक्ष आत गेलेला माल यांत एका पॅलेटचाही फरक चालत नाही.