खोट्या खिडकीचा खरा इतिहास

भिंतीवरची खिडकी इतकी हुबेहूब, की आत डोकवावंसं वाटतं. पण चार पावलं बाजूला सरकलं, की तीच खिडकी लांबुडकी, चेपल्यासारखी दिसू लागते. थ्रीडी भित्तिचित्राची मेख इथेच आहे. बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे चित्रकाराने आधीच ठरवलेलं असतं, आणि त्या एका जागेवरून नीट दिसेल असा आकार त्याने भिंतीवर मुद्दाम ताणून काढलेला असतो.

युक्ती जुनीच. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये मसाच्चो या चित्रकाराने 1427 च्या सुमारास सपाट भिंतीवर कमानदार छताची अख्खी खोली भासवली. रोमच्या सांत इग्नात्सिओ चर्चचा घुमट बांधायचा राहूनच गेला, तेव्हा आंद्रेआ पोत्सोने 1685 मध्ये सुमारे 17 मीटर रुंद कापडावर घुमट रंगवून दिला! कुठून बघायचं ते कळावं म्हणून तिथे फरशीत संगमरवरी चकती बसवली आहे. पुढे 1980 च्या दशकात, पूर्वी नासात चित्रं काढणाऱ्या कर्ट वेनरने हीच विद्या खडूने रस्त्यावर उतरवली. मोबाइल आल्यावर तिचं खरं फावलं. कॅमेरा पडला एकडोळ्या. आपले दोन डोळे मिळून भिंतीचा सपाटपणा पकडतात, तो त्याला पकडता येत नाही.

पण हे सगळं तिकडचंच, असं म्हणून पुणेकराला हात झटकता येणार नाहीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, ज्याला उंचसखलपणा दाखवता येतो तोच खरा चित्र जाणणारा, असं म्हटलंच आहे. अजिंठ्यातली छटांची कामंही तेच सांगतात. पेशवाईतल्या वाड्यांच्या भिंतींवर मात्र ठसठशीत रेषा आणि सपाट रंग. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ते आजही पाहायला मिळतात.

युरोपीय पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान काढून खोली भासवण्याची रीत, पुण्यात आलं ते पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्यामुळे. सवाई माधवरावांच्या काळात, 1790 नंतर, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली. तिथला गंगाराम तांबट हा पुण्याचा गडी. त्याने वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. 1795 मध्ये वेल्स वारला आणि चित्रशाळेचा जोरही ओसरला.

शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर कसबा पेठ. पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टच्या चित्रकारांनी रंगवलेल्या भिंती तिथल्याच. एरवी पुण्याच्या भिंतीच्या नशिबी पाटी नाहीतर पिंक. जुन्या भिंतीवर खोलीचा भास आणणं सोपं नसतं. आधी पोपडे खरवडायचे, लांबी (पुट्टी) भरायची, सूत मारून चौकटी पाडायच्या, तेव्हा कुठे रंगाला हात लागतो. पावसाळ्यात ओल चढली की पहिला बुडबुडा बहुधा त्या खोट्या खिडकीच्या चौकटीवरच येतो. शिवाय चित्रातली सावली कायम एकाच बाजूला पडलेली. दुपार कलली, की गल्लीतल्या खऱ्या सावल्या उलट्या बाजूला जातात आणि तेवढा वेळ सोंग उघडं पडतं.