आनंदीबाई पोचायच्या आधीची फिलाडेल्फियाची दोनशे वर्षं

आनंदीबाई जोशींचा विषय निघाला की आपण गोपाळराव, दहा दिवसांचं गेलेलं बाळ, बोटीचा एकटीचा प्रवास असं करत करत एकदम 1886 च्या डॉक्टरकीच्या पदवीवर येतो आणि ते शहर फक्त नावापुरतं येऊन जातं. मला नेहमी वाटायचं की फिलाडेल्फियाच का? बोट न्यूयॉर्कला लागली, राहायची सोय न्यूजर्सीत ओळखीच्या अमेरिकन कार्पेंटर मावशींकडे झाली, मग कॉलेज तिथलं कसं काय? हे शोधायला गेलं तर थेट 1682 पर्यंत मागं जावं लागतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

ती जागा आधी लेनापे लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. डेलावेअर नदीच्या काठानं त्यांची गावं होती, मग 1638 पासून स्वीडनचे लोक आले, त्यांच्यावर डच आले, डचांवर इंग्रज. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे विल्यम पेनच्या बापाचे 16,000 पौंड येणं होतं, ते फेडायच्या ऐवजी राजानं 1681 साली पोराला अमेरिकेतला एवढा मोठा मुलूख लिहून दिला, तो पेन्सिल्व्हेनिया. पेन होता क्वेकर. हा ख्रिश्चनांमधला एक पंथ, यांच्यात पाद्री नाही, प्रत्येक माणसाच्या आत देवाचा उजेड आहे असं मानायचे, कितीही मोठा माणूस समोर असला तरी टोपी काढायची नाही की अहो-जाहो करायचं नाही, सगळ्यांशी एकाच पातळीवर बोलायचं. आणि आपल्या गोष्टीसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रार्थनेच्या बैठकीत बाईसुद्धा उठून बोलू शकायची. इंग्लंडात यापायी हे लोक तुरुंगात जायचे, पेन स्वतःही गेला होता. त्यामुळं त्यानं 1682 मध्ये नवं गाव वसवलं ते कुठल्याही धर्माच्या माणसाला त्रास होणार नाही या बोलीवर, आणि नाव ठेवलं बंधुप्रेमाचं, ग्रीक भाषेतून.

गाव वसवलं पण कागदावर आखून. डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधे सरळ काटकोनात रस्ते, मधे मोठा चौक, चार बाजूंना आणखी चार. रस्त्यांना झाडांची नावं, चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन, आणि आडव्यांना नुसते नंबर. प्रत्येक घराभोवती बाग असावी असं पेनच्या मनात होतं, लोकांनी मात्र प्लॉट तोडून बंदराजवळच दाटीवाटी केली.

आता यातली दुखरी बाजू पण सांगायलाच पाहिजे. गाव वसून दोनच वर्षं झाली होती तेव्हा 1684 मध्ये 'इझाबेला' नावाच्या जहाजातून 150 आफ्रिकन गुलाम तिथं आणून विकले गेले, घेणाऱ्यांत क्वेकर होते, आणि खुद्द पेनकडे पण गुलाम होते. लेनापे लोकांशी पेन बऱ्यापैकी नीट वागला पण 1737 मध्ये त्याच्या पोरांनी एका जुन्या कागदावरून सांगितलं की माणूस दीड दिवसात जेवढा चालेल तेवढी जमीन आमची, आणि आधीच रान साफ करून ठेवलेल्या वाटेवरून तरबेज धावणारे सोडले. लेनापे फसले आणि पुढं हळूहळू पार हुसकले गेले. पण याच गावाला लागून असलेल्या जर्मनटाउनमध्ये 1688 सालीच चार जणांनी गुलामी चूक आहे असा लेखी निषेध केला होता, अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधला हा अशा प्रकारचा पहिला कागद मानतात. क्वेकरांच्या सभेनं तो तेव्हा बाजूला ठेवला, आणि 1776 मध्ये, म्हणजे 88 वर्षांनी, गुलाम ठेवणाऱ्याला पंथात जागा नाही असं ठरवलं. हे शहर असंच आहे, आधी शब्द देतं आणि तो पाळायला तीन-तीन पिढ्या लावतं, पण शब्द विसरत नाही, कुणीतरी त्याची आठवण करून देत राहतं.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक बेंजामिन फ्रँकलिन, 1776 चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, 1787 ची राज्यघटना हे सगळं इथलंच, ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातलं एवढंच सांगायचंय की बोस्टनहून 17 व्या वर्षी पळून आलेल्या फ्रँकलिननं इथं लोकांकडून वर्गणी काढून वाचनालय काढलं, आग विझवायची तुकडी उभी केली आणि 1751 मध्ये डॉक्टर थॉमस बाँडबरोबर हॉस्पिटल सुरू केलं. त्या वसाहतींतलं पहिलं मेडिकल स्कूल पण इथंच, 1765 चं. म्हणजे डॉक्टरकी शिकायची तर फिलाडेल्फिया हे आनंदीबाईंच्या शंभर वर्षं आधीच ठरून गेलेलं होतं.

मग आलं 1793. तेव्हा फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती (1790 ते 1800), वस्ती साधारण 50,000. ऑगस्टमध्ये पिवळा ताप सुरू झाला आणि थंडी पडेपर्यंत 5,000 च्या आसपास माणसं गेली, दहातला एक! डासामुळं होतो हे कुणालाच माहीत नव्हतं, कुणी सडलेल्या कॉफीच्या वासावर खापर फोडलं, डॉक्टर बेंजामिन रश रक्त काढून काढून उपचार करत होते. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनसुद्धा. काळ्या लोकांना हा ताप होत नाही अशी एक समजूत होती, म्हणून त्यांना मदतीला बोलावलं, आणि रिचर्ड ॲलन, ॲब्सलम जोन्स यांच्या फ्री आफ्रिकन सोसायटीच्या लोकांनी घरोघरी जाऊन सेवा केली, मेलेल्यांना पुरलं, त्यांच्यातलेही शेकडो मेले कारण समजूत साफ खोटी होती. आणि एवढं करून एका प्रकाशकानं छापलं की काहींनी पैसे उकळले, चोऱ्या केल्या. ॲलन आणि जोन्सनी 1794 मध्ये हिशोबासकट उत्तर छापलं. हे वाचताना अजूनही राग येतो. या साथींनंतर शहरानं स्वच्छ पाण्याचं मनावर घेतलं आणि 1801 मध्ये त्या मधल्या मोठ्या चौकात वाफेच्या इंजिनानं पाणी चढवायची सोय झाली.

राजधानी वॉशिंग्टनला गेली, धंद्यात न्यूयॉर्क पुढं निघून गेलं, फिलाडेल्फिया कारखान्यांकडे वळलं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं साल 1838. गुलामीविरोधी लोकांना सभेला कुणी हॉल देईना म्हणून त्यांनी पैसे जमवून पेन्सिल्व्हेनिया हॉल बांधला. तिथं गुलामीविरोधी बायकांची परिषद भरली, बाहेर जमाव जमला, दगड आले, तेव्हा गोऱ्या आणि काळ्या बायका हातात हात घालून त्या जमावातून बाहेर पडल्या. उद्घाटनाच्या चौथ्या दिवशी जमावानं हॉल जाळून टाकला, बंबवाल्यांनी शेजारच्या इमारतींवर पाणी मारलं, हॉल जळू दिला. त्या बायकांमध्ये क्वेकर लुक्रिशिया मॉट होती, हीच पुढं 1848 मध्ये सेनेका फॉल्स गावी भरलेल्या बायकांच्या हक्काच्या परिषदेत आघाडीवर.

याच मंडळींच्या गोतावळ्यातून 1850 मध्ये बायकांचं मेडिकल कॉलेज निघालं. काढणाऱ्यांत क्वेकर डॉक्टर, पहिल्या तुकडीतली ॲन प्रेस्टन क्वेकर, तीच 1866 मध्ये तिथली डीन झाली. गावातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 1858 मध्ये या कॉलेजवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळं बायकांना शिकायला पेशंट मिळेनात, म्हणून 1861 मध्ये त्यांनी स्वतःचं हॉस्पिटल काढलं. 1869 मध्ये या मुली फ्रँकलिनवाल्या हॉस्पिटलात लेक्चरला गेल्या तर पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे मारले, रस्त्यानं मागं येऊन त्रास दिला. मुलींनी जाणं सोडलं नाही!

आनंदीबाई 1883 मध्ये तिथं गेल्या तेव्हा याला फक्त 14 वर्षं झालेली. शहर साडेआठ लाखांचं (मुंबई तेव्हा पावणेआठ लाखांची), रेल्वे इंजिनं, कापड, गालिचे यांचे कारखाने, आणि त्या जुन्या मधल्या चौकात सिटी हॉलचं बांधकाम चालू, जे 1901 पर्यंत संपलंच नाही. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं. त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली पण शिकत होत्या, तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला 1885 चा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून येऊन हजर होत्या, आणि पुढच्या वर्षी रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियातच छापलं गेलं, प्रस्तावना बॉडलीबाईंची. त्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या होत्या, वय 21. रमाबाईंनी पुस्तक आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, आठवणीला अर्पण केलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. दक्षिणेतून काळे लोक कामासाठी येत गेले, 1950 मध्ये वस्ती 20 लाखांवर पोचली, मग कारखाने बंद पडत गेले, गोरे लोक उपनगरात गेले आणि 2000 मध्ये आकडा 15 लाखांवर आला. 13 मे 1985 ला पोलिसांनी मूव्ह या काळ्या लोकांच्या संघटनेच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला, आग पसरू दिली, 11 माणसं मेली त्यात 5 मुलं, 61 घरं जळाली. 1838 चं वाचलेलं असेल तर ते बंबवाले इथं पुन्हा आठवतात.

बायकांचं कॉलेज 1970 मध्ये पुरुषांना खुलं झालं, नंतर दुसऱ्या संस्थांत मिसळून आता ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. तिथल्या संग्रहात तो तिघींचा फोटो आहे आणि आनंदीबाईंनी न्यूजर्सीहून 1883 च्या जूनमध्ये प्रवेशासाठी लिहिलेलं पत्रही, त्यांच्या स्वतःच्या अक्षरातलं.