वऱ्हाडचा कापूस व्यापार

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या वऱ्हाडात पिकणारा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जागतिक बाजाराशी बांधला गेला. प्रदेशातील रेल्वे, बाजारपेठा, सावकारी, शहरे आणि पुढे शेतीवरचे संकट, या सगळ्यांवर त्या व्यवहाराची छाप आहे. एका पिकाचा भाव दूरच्या देशांत ठरू लागला आणि त्याच्या वाहतुकीची व विक्रीची व्यवस्था खरेदीदाराच्या सोयीने उभी राहिली, की प्रदेशाची घडण कशी होते, याचे वऱ्हाडाइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन कापसाला मानवते. या भागाला पयनघाट म्हणतात. कापूस येथे पूर्वीपासून होता. तो गावातच पिंजला, कातला आणि विणला जाई. उरलेला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि तेथून नावेने कलकत्त्याला. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजून निम्म्या किमतीचा होई. विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पश्चिमेला, मुंबईकडे पाठवला. खामगावचा बाजारही साधारण त्याच काळातला. आरंभी तेथे तूप, सूत आणि थोडासा कापूस एवढाच व्यवहार होता.

१८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवला. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या नजरेसमोर फौजेचे थकलेले पगार होते तसा येथील कापूसही होता. मँचेस्टरच्या गिरण्या तेव्हा मुख्यतः अमेरिकी कापसावर चालत आणि एकाच देशावरचे हे अवलंबन तेथील गिरणीमालकांना खुपत असे. पर्याय शोधण्यासाठी १८५७ मध्ये त्यांनी कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन केली. चार वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. मुंबईत कापसाचे भाव चढत गेले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या भोवती शेअरबाजाराची धुंदी उसळली. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच सारा डोलारा कोसळला. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग रंगवून सांगितला जातो. वऱ्हाडात त्याचा उलगडा सावकाश झाला: तेजीच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले होते, त्यांच्या खात्यावरचे व्याज भाव पडल्यावरही चालूच राहिले. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पैमाश (जमिनीची मोजणी आणि शेतकऱ्यागणिक सारा ठरवणे) झाली, जमिनीला नावानिशी धनी मिळाला आणि ती गहाण टाकणेही सोपे झाले.

युद्ध संपले तरी रेल्वे थांबली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६३ मध्ये भुसावळला आणि वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. मुख्य मार्ग खामगाव आणि अमरावती या दोन मोठ्या बाजारांना बगल देऊन गेला, म्हणून जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे काढावे लागले. जलंब ते खामगाव हे अंतर अवघे आठ मैल. त्या फाट्याच्या उद्घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय यावा, यावरून त्या गावातल्या गाठींचे वजन कळते.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी नेमलेला कॉटन कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक याचे विचार सरकारी कागदांत उतरले आहेत. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत आले तर देशी कापड मागे पडेल, गावात सुतासाठी खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि विणकर व कातणारे शेतमजुरीला मिळतील, असा त्याचा हिशेब होता. पुढे बव्हंशी तसेच घडले. एखाद्या प्रदेशाने कच्चा माल पाठवावा आणि पक्का माल विकत घ्यावा, हे धोरण इतक्या उघडपणे क्वचितच कोणी लिहून ठेवले असेल.

लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाचे नाव ‘उमरा’, अमरावतीवरून पडलेले. धागा आखूड, पण भाव कमी आणि पुरवठा भरपूर. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स या युरोपीय पेढ्यांनी खामगाव-अमरावतीच्या पट्ट्यात खरेदीची ठाणी टाकली. तारेने आलेला परदेशचा भाव आता दिवसाच्या दिवसात अडत्याला कळू लागला. शेतकऱ्याला मात्र तो कळे अडत्याच्या तोंडून.

बाजारातील लबाडी जुनी होती. गाडी बाजारात एका भावाने ठरायची आणि जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, माल उतरवताना ओल, कचरा, सरमिसळ अशी कारणे काढून दुसराच भाव पडायचा. वर कडता (वजनातली कपात), तोलाई, हमाली, धर्मादाय अशा वजावटी. १८८६ मध्ये वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या (तेथील ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीच्या) आदेशाने कारंजाचा बाजार नियंत्रित झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. देशातील बाजार समित्यांची मुळे येथे आहेत. तथापि या बाजारांच्या समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचेच राहिले, आणि या कायद्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्याइतकीच निर्यातदाराला निर्मळ माल मिळावा ही ओढ होती.

दरम्यान कापसाने ज्वारीची जागा खाल्ली आणि गायराने नांगराखाली आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत त्याची किंमत वसूल झाली. रेल्वेने धान्य येत होते, परंतु शेतात काम नसल्याने मजुरांच्या हाती ते घ्यायला पैसा नव्हता. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. हिंदुस्थानातील सधन समजल्या जाणाऱ्या मुलखाची ही स्थिती होती.

व्यापाराची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जिन आणि प्रेस यांच्या चिमण्यांभोवती खामगाव, अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, यवतमाळ ही गावे वाढली. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी स्थायिक झाले; शाळा, वाचनालये, धर्मशाळा, नाटकगृहे यांना कापसाच्या पैशाचा हात लागला. जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी मुंबई सोडून नागपुरात सुरू केली, ती कापसाचे शेत जवळ म्हणूनच. तरीही खास वऱ्हाडात गिरण्या मोजक्याच निघाल्या: अकोल्याची सावतराम, अचलपूरची विदर्भ मिल अशी थोडी नावे सांगता येतात. गिरणीला भांडवल लागते, कोळसा लागतो आणि कापडाला संरक्षण लागते. संरक्षण तर उलट्या दिशेने होते: १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता, कारण आयात कापडावर तेवढीच जकात होती आणि लँकेशायरला बरोबरी हवी होती. तो कर जायला १९२५ उजाडले. जिन-प्रेसला मात्र असले काही लागत नव्हते. सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठ बांधायची आणि रवाना करायची. तेसुद्धा हंगामातले चार-पाच महिने. उरलेल्या वर्षात मजुरांनी काय करायचे, याचे उत्तर त्या धंद्यात नव्हते.

या काळाचा सर्वांत बोलका अवशेष म्हणजे ‘शकुंतला’. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली. गावोगावचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणून मुंबईकडे पाठवणे हे तिचे काम. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिची गाडी १९९४ पर्यंत ओढली. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा मार्ग तसाच खासगी मालकीचा राहिला आणि स्वतंत्र भारताची रेल्वे त्यावर गाड्या चालवून कंपनीला मोबदला देत राहिली. गाडी इतकी संथ चाले की वळणावर उतरून चालत पुढे जाऊन पुन्हा चढता येते, अशी थट्टा या भागात होई. आता ती बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी जुनीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपान मोठा गिऱ्हाईक झाला. आखूड धाग्याचा स्वस्त कापूस तेथील गिरण्यांना चालत होता. १८९३ मध्ये टाटा आणि जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई–कोबे जलमार्गही सुरू केला. व्यापारधोरणाचा शेतावर कसा आघात होतो, ते १९३३ मध्ये दिसले. हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरणीमालकांनी उत्तरादाखल हिंदी कापूस घेणेच बंद केले. जागतिक मंदीने भाव आधीच लोळत होते. १९३४ च्या करारात शेवटी सौदा असा ठरला: जपानने वर्षाला दहा लाख गाठी घेतल्या तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड येथे विकता येईल, आणि पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार. अकोल्याच्या शेतकऱ्याची पऱ्हाटी अशी ओसाकाच्या कापडाच्या तराजूत तोलली जात होती. १९४१ अखेर जपान युद्धात उतरला आणि तो गिऱ्हाईकही एका फटक्यात गेला.

स्वातंत्र्यानंतर निर्यातीऐवजी देशी गिरण्या आणि स्वस्त कापड हे धोरणाचे केंद्र झाले. १९६० मध्ये वऱ्हाड महाराष्ट्रात आला. सरकारने १९७१ चा कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली: राज्यातला सगळा कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर विकायचा, महासंघाने तो जिनात नेऊन गाठी करून विकायच्या आणि नफा झाला तर बोनस वाटायचा. दलाल हटवण्याचा हेतू चांगला होता आणि पहिल्या काही वर्षांत भावाची शाश्वती आलीही. मग केंद्रांवर गाड्यांच्या रांगा, मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मर्जी आणि महिनोन्‌महिने थकलेले चुकारे हा नित्यक्रम झाला. बाहेर भाव वर गेला की राज्याच्या सीमेवरून कापूस चोरून जाई आणि पडला की परराज्यातला कापूस आत येई. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कापसाचा प्रश्न रस्त्यावर आणला; डिसेंबर १९८६ मध्ये मराठवाड्यातील सुरेगाव येथे कापूस आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. एकाधिकार २००२ च्या सुमारास संपुष्टात आला.

तो संपला नेमक्या वाईट वेळी. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली आणि कापसाची आयात खुली झाली. १९९४-९५ मध्ये पौंडाला ९० सेंटच्या वर असलेला जागतिक भाव २००१-०२ मध्ये ४२ सेंटच्या आसपास उतरला. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देऊन हा भाव दाबत होती. ब्राझीलने २००२ मध्ये त्याविरुद्ध तक्रार नेली आणि ती जिंकली. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या आफ्रिकी देशांनीही प्रश्न उचलला. ब्राझीलला २०१४ च्या तडजोडीत तीस कोटी डॉलर मिळाले. यवतमाळच्या शेतकऱ्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

मार्च २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. देशाचे उत्पादन वाढले, भारत मोठा निर्यातदार झाला. वऱ्हाडात बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, त्यामुळे बियाणे-औषधांचा खर्च ठरलेला आणि उत्पन्न पावसाच्या हवाली अशी गत झाली. सिंचनाचा अनुशेष १९८४ च्या दांडेकर समितीने आकड्यांत मांडला होता. अमरावती विभागात तो दीर्घकाळ रेंगाळला. आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ मध्ये विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद दिली नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अकोला, वाशीमकडे अनेकांनी कापूस सोडून सोयाबीन धरले. तेथेही भाव ठरतो तो जागतिक बाजारातील तेल-पेंडीवर.

धोरणाची धरसोड या काळातही दिसते. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापूस निर्यातीवर बंदी घातली आणि ओरड झाल्यावर आठवडाभरात मागे घेतली. अशा आठवड्यात खेडा खरेदीचा, म्हणजे गावात येऊन माल घेणारा, व्यापारी गाडी फिरवतो आणि घरात साठवलेल्या कापसाचा भाव एका रात्रीत पडतो. बंदी उठल्यावर तो त्याच वेगाने चढत नाही. २०२१ मध्ये आयातीवर सुमारे ११ टक्के शुल्क बसले. २०२२ च्या आरंभी क्विंटलला दहा हजारांच्या पुढे भाव गेला तेव्हा सूतगिरण्यांच्या मागणीवरून एप्रिलमध्ये ते माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. तयार कपड्यांच्या निर्यातदारांना दिलासा म्हणून भारताने १९ ऑगस्टपासून कापूस आयात पुन्हा शुल्कमुक्त केली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. वऱ्हाडात वेचणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते.

त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो मिळवण्यासाठी मोबाइलवर नोंदणी करून सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल न्यावा लागे आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागे. परतीच्या पावसाने भिजलेला पहिल्या वेचणीचा कापूस त्यात क्वचितच बसतो. तो खासगी व्यापाऱ्याकडे, त्याने सांगितलेल्या भावाने जातो. अमरावतीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आहे. वऱ्हाडातील बऱ्याचशा गाठी अजून गुजरात आणि तामिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे रवाना होतात.