विवेकनिष्ठ मानसोपचार

विवेकनिष्ठ मानसोपचार ही अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली समुपदेशनाची व मानसोपचाराची पद्धती आहे. माणसाला अस्वस्थ करते ती निव्वळ घटना नव्हे. त्या घटनेविषयी तो मनाशी जे ठामपणे धरून बसलेला असतो, त्यातून त्याची अस्वस्थता मुख्यतः उपजते, हे तिचे मूळ गृहीतक होय. इंग्रजीत ती आधी ‘रॅशनल थेरपी’, मग ‘रॅशनल इमोटिव्ह थेरपी’ आणि १९९३ पासून ‘रॅशनल इमोटिव्ह बिहेव्हिअर थेरपी’ या नावाने ओळखली जाते. विचार, भावना आणि वर्तन हे तिन्ही घटक एकमेकांत गुंतलेले असतात, हे एलिस यांचे म्हणणे पहिल्यापासूनच होते. मात्र ते नावात उतरायला चार दशके जावी लागली.

मराठीत ‘रॅशनल’साठी ‘बुद्धिवादी’ किंवा ‘तर्कनिष्ठ’ हे शब्द उपलब्ध असताना ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द रुळला, आणि तो अधिक नेमका आहे. तर्काला भावनेशी देणेघेणे नसले तरी चालते. विवेक म्हणजे मात्र सार आणि असार, हितकर आणि अहितकर यांची निवड. संतसाहित्यापासून समाजसुधारकांच्या लेखनापर्यंत हा शब्द याच अर्थाने वावरत आला आहे. या पद्धतीत एखादा विचार विवेकी की अविवेकी हे ठरवताना तो वस्तुस्थितीला धरून आहे का आणि तो बाळगल्याने माणसाच्या स्वतःच्या दीर्घकालीन हिताला मदत होते का, असे दोन्ही पाहिले जाते. त्यामुळे ही पद्धती भावना मारायला शिकवते, हा समज चुकीचा आहे.

एलिस यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१३ रोजी पिट्सबर्ग येथे झाला आणि बालपण न्यूयॉर्क शहरात गेले. मूत्रपिंडाच्या विकारामुळे लहानपणी त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची त्यांना विलक्षण भीती वाटे. ती घालवण्यासाठी त्यांनी ब्रॉन्क्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी स्वतःहून बोलण्याचा नेम केला. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे सुमारे १३० जणींपैकी ३० उठून निघून गेल्या, शंभरेक जणींशी बोलणे झाले, एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. फलित शून्य, पण भीती गेली, कारण नकार मिळूनही काहीच भयंकर घडले नव्हते. पुढच्या साऱ्या सिद्धांताचे बीज या फजितीत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कोलंबिया विद्यापीठातून १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर एलिस यांनी मनोविश्लेषणाचे, म्हणजे मनात दडलेल्या गोष्टी उकलण्याच्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या पद्धतीचे, प्रशिक्षण घेतले आणि काही वर्षे त्या मार्गाने उपचारही केले. रुग्ण वर्षानुवर्षे कोचावर पडून बालपण उगाळतात, त्यांना स्वतःविषयी बरेच कळतेही, पण त्यांचे वागणे बदलत नाही, हे पाहून ते त्या पंथातून बाहेर पडले. त्यांना आधार सापडला तो मानसशास्त्रात नव्हे, तर प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञानात. गुलामगिरीत वाढलेल्या एपिक्टीटस या तत्त्ववेत्त्याने म्हटले होते की माणसे गोष्टींनी नव्हे, गोष्टींविषयीच्या आपल्या मतांनी व्यथित होतात. १९५९ मध्ये एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची संस्था स्थापन केली. तेथे शुक्रवारी संध्याकाळी श्रोत्यांमधल्या कुणालाही व्यासपीठावर बोलावून त्याच्या अडचणीवर सर्वांदेखत संवाद करण्याचा त्यांचा उपक्रम दशकानुदशके चालला. त्यांची भाषा रांगडी, प्रसंगी शिवराळ असे. २४ जुलै २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

या पद्धतीचा सांगाडा इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या तीन अक्षरांवर, म्हणजे ‘एबीसी’वर उभा आहे. ‘ए’ म्हणजे घडलेला प्रसंग, ‘बी’ म्हणजे त्याविषयीची धारणा आणि ‘सी’ म्हणजे भावना व वर्तन या रूपाने होणारा परिणाम. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घेता येईल. तिसऱ्या प्रयत्नातही पूर्वपरीक्षेच्या यादीत त्याचे नाव लागत नाही. तो खोलीचे दार लावून घेतो, घरचे फोन घेत नाही, अभ्यासिकेत जाणे सोडतो. ‘नापास झालो म्हणून असा झालो’, असे तो सांगतो, म्हणजे ‘ए’वरून थेट ‘सी’वर उडी घेतो. पण त्याच यादीत नाव नसलेला त्याचा खोलीतला सोबती दोन दिवस हिरमुसून तिसऱ्या दिवशी नोकरीची जाहिरात पाहू लागलेला असतो. प्रसंग एकच असताना परिणाम दोन झाले, तेव्हा मधली कडी शोधणे भाग पडते. ती कडी बहुधा अशी असते : ‘या वेळी माझी निवड व्हायलाच हवी होती, झाली नाही, म्हणजे मी कुचकामीच आहे.’

या वाक्यातला ‘च’ महत्त्वाचा आहे. एलिस यांच्या मते निवड व्हावी ही इच्छा कितीही तीव्र असली तरी ती निरोगीच असते. तिचा हट्ट झाला की बिघाड सुरू होतो. इंग्रजीत त्यांनी ‘मस्ट’ या शब्दावर बोट ठेवले. मराठीत ते काम एका अक्षराचे अव्यय करते, ज्याला व्याकरणात शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. ‘लोकांनी मला मान द्यावा’ आणि ‘लोकांनी मला मान दिलाच पाहिजे’ या दोन वाक्यांतले अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एलिस यांनी अशा हट्टांचे तीन रोख सांगितले : मी उत्तम कामगिरी केलीच पाहिजे, इतरांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे आणि जग माझ्या सोयीनेच चालले पाहिजे. या मुळातून आणखी तीन फांद्या फुटतात. घडलेले अप्रिय ते ‘भयंकर’ ठरते, ‘हे मला सहनच होणार नाही’ असे वाटू लागते आणि एका कृतीवरून सबंध माणसावर, स्वतःवर किंवा दुसऱ्यावर, शिक्का मारला जातो.

नकारात्मक भावना सरसकट वाईट नसतात, हे या पद्धतीचे कमी सांगितले जाणारे पण मोलाचे प्रतिपादन आहे. अपयशानंतर दुःख होणे योग्यच. त्या दुःखाचे नैराश्य होणे घातक. चुकीची खंत वाटणे योग्य, स्वतःला कायमचे गुन्हेगार ठरवणे घातक. चिंतेच्या बाबतीत तर मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे. ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ या दोन प्रयोगांत नाम एकच आहे, पण पहिल्यात माणूस जागच्या जागी घुमत राहतो आणि दुसऱ्यात तो काही हालचाल करतो. समुपदेशनाचे उद्दिष्ट पहिल्याकडून दुसऱ्याकडे नेणे हे असते. निश्चिंत करणे हे नसते.

अविवेकी धारणेला आव्हान देण्याच्या टप्प्याला ‘डी’ म्हणतात आणि त्यातून रुजणाऱ्या नव्या दृष्टीला ‘ई’. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या ‘डी’ची फोड तीन पायऱ्यांत केली : अविवेकी धारणा हुडकणे, तिच्याशी वाद घालणे आणि विवेकी धारणेपासून ती वेगळी ओळखता येणे. एलिस यांनी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विंडी ड्रायडन यांच्यासह केलेल्या लेखनात फडके यांचा हवाला देऊन ही फोड स्वीकारली. वाद घालताना प्रश्न तीन अंगांनी विचारले जातात. वरच्या उदाहरणातील तरुणाला विचारले जाईल की निवड झालीच पाहिजे असा नियम कुठे आहे; ‘मला हवे आहे’ यावरून ‘मिळालेच पाहिजे’ हे कसे निघते; आणि असे मानत राहून पुढच्या सहा महिन्यांत तुझा काय फायदा होणार आहे? अनुभव असा की पहिल्या दोन प्रश्नांना तो मान डोलावतो, पण हलतो तो तिसऱ्याने. शिवाय डोक्याला पटणे आणि मनात उतरणे यांत बरेच अंतर असते, म्हणून नुसत्या वादावर ही पद्धती थांबत नाही.

पुढचे काम गृहपाठाचे असते. सर्वांत प्रसिद्ध गृहपाठ म्हणजे लाज घालवण्याचे सराव. एलिस उपचारासाठी आलेल्यांना केळ्याला दोरी बांधून ते पाळीव प्राण्यासारखे रस्त्यावरून ओढत न्यायला किंवा भुयारी रेल्वेत येणारी स्थानके मोठ्याने पुकारायला सांगत. कुणाला त्रास होऊ नये, कायदा मोडू नये, एवढीच अट. लोक हसतात आणि आपण तरीही शाबूत राहतो, हा अनुभव हेच औषध. आपल्याकडे केळे ओढत न्यायची गरज पडू नये. दुकानदाराला ‘एवढे पैसे नाहीत, यापेक्षा स्वस्त दाखवा’ असे चार गिऱ्हाइकांसमोर शांतपणे म्हणणे किंवा लग्नसमारंभात ‘सध्या नोकरी नाही’ हे कारणे न जोडता सांगणे, एवढेही अनेकांना पुरेसे कठीण असते. दुसरा सराव कल्पनाचित्राचा आहे : नको असलेला प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा, उसळणारी भावना येऊ द्यायची आणि प्रसंग न बदलता, केवळ मनातले वाक्य बदलून ती सौम्य होते का ते पाहायचे.

रोजच्या जगण्यात ही पद्धती वापरण्यासाठी एक वही पुरते. दिवसभरात ज्या प्रसंगाने मन फार ढवळले तो एका ओळीत, टीकाटिप्पणीविना लिहायचा. ‘सासूबाई मुद्दाम टोचून बोलल्या’ हे प्रसंगाचे वर्णन नव्हे, कारण त्यातल्या ‘मुद्दाम’मध्ये निष्कर्ष घुसलेला आहे, ‘सासूबाई म्हणाल्या की भाजीत मीठ जास्त झाले’, हे वर्णन होय. मग काय वाटले आणि आपण काय केले ते लिहायचे. मधली धारणा सर्वांत शेवटी लिहायची, कारण ती पकडणे सर्वांत अवघड असते. ती वाक्यातला ‘च’ शोधत गेले की बहुधा सापडते. यात उतावीळ होऊन तोंडदेखले सुविचार लिहिणे ही नेहमीची चूक आहे. ‘सगळे चांगलेच होईल’ हे विधान ‘सगळे वाईटच होईल’ इतकेच अविवेकी आहे. दोन्हींत ‘च’ आहे.

स्वतःचा बिनशर्त स्वीकार ही या विचारसरणीची सर्वांत अवघड मागणी मानावी लागेल. एलिस यांचा आत्मसन्मान या संकल्पनेलाच आक्षेप होता. गुण मिळाले म्हणून मी मोलाचा, असे आज मानणारा उद्या गुण गेले की मातीमोल होणारच. म्हणून कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी टक्केवारीवरून घराचा चेहरा ठरणाऱ्या आपल्या समाजात हे पचणे सोपे नाही, आणि पालकांच्या समुपदेशनात बहुतेक वेळ इथेच खर्च होतो.

महाराष्ट्रात ही पद्धती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने फडके यांच्याकडे जाते. त्यांचा एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार होता आणि एलिस यांच्या संस्थेचे फेलो व पर्यवेक्षक होणारे ते पहिले भारतीय होत. मराठीत अंजली जोशी यांच्यासह त्यांनी या विषयावर लेखन केले. मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने विवेकनिष्ठ विचार व्याख्याने आणि कार्यशाळांमधून दवाखान्याबाहेर नेला. नाडकर्णी यांनी त्याची सांगड वेदान्ताशीही घातली. अशी सांगड उद्बोधक असली तरी ती सावधपणे घ्यावी, कारण एलिस स्वतः निरीश्वरवादी होते आणि त्यांना मनःशांतीपेक्षा कृतिशीलतेत अधिक रस होता.

टीकाही जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनात समोरच्याला समजून घेणे, त्याचा बिनशर्त आदर आणि समुपदेशकाचा सच्चेपणा यांतूनच बदल घडतो असे मानले जाते. त्या तुलनेत एलिस यांचा बाणा शिकवणी घेणाऱ्या मास्तरांचा वाटतो. तरीही १९८२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या एका पाहणीत सर्वाधिक प्रभावशाली मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पहिले नाव रॉजर्स यांचे आणि दुसरे एलिस यांचे आले. फ्रॉइड तिसरे होते. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे विकसित केलेली बोधनिक (विचारप्रक्रियेवर भर देणारी, ‘कॉग्निटिव्ह’) उपचारपद्धती एलिस यांच्या जवळची आहे, पण ती अधिक सौम्य आणि प्रयोगांनी अधिक तपासलेली आहे. आज वापरात असलेल्या बोधनिक-वर्तन उपचारांवर दोघांचीही छाप दिसते.

गंभीर आक्षेप वेगळाच आहे. सगळा भार धारणेवर टाकला की घटनेतला अन्याय झाकला जाण्याचा धोका असतो. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला किंवा जातीवरून अपमान सोसणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ असे सांगणे हा या पद्धतीचा गैरवापर होय. तिथे आधी ‘ए’ बदलण्यासाठी कायद्याची, संघटनेची, सुरक्षित निवाऱ्याची मदत लागते. एलिस यांच्याही मते बदलता येणारा प्रसंग बदलावा. मन थाऱ्यावर असले की ते अधिक नीट जमते, एवढेच. त्याचप्रमाणे भ्रम, भास, उन्मादावस्था किंवा तीव्र नैराश्य असेल, तर वादसंवादाआधी मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व औषधोपचार आवश्यक असतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर वहीवर विसंबू नये. तत्काळ जवळच्या माणसाला सांगावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून त्यावर मराठीतूनही बोलता येते.