ब्रिटिश कंपनी पत्र पाठवते, "पुलाची शंभर वर्षं संपली" : खरं काय?

हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. अमुक रेल्वे पूल बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं पत्र आलं म्हणे, पुलाचं आयुष्य संपलं, आता आमची जबाबदारी नाही. वाचून विश्वास बसणं साहजिक आहे कारण जुनं बांधकाम मजबूत होतं हे खरंच आहे.

पण आधी हे बघा की पुलाला एक्सपायरी डेट नसते. दगडी कमानीत वरचा भार प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबत खाली पायापर्यंत नेतो आणि दाब सोसणं हेच तर दगडाचं बलस्थान, म्हणून कमान नुसत्या वयाने पडत नाही, तिला धोका पायाखालची माती वाहून गेली किंवा सांध्यात पिंपळ रुजला की. लोखंडी पुलाचं गणित वेगळं, तिथे गंज आणि सततचे हादरे.

इंग्लंडमधला सँकी व्हायाडक्ट हा रेल्वे पूल 1830 चा, नऊ कमानींचा, त्यावरून आजही गाड्या जातात. त्याच लाइनवरचं मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन मात्र 1844 लाच प्रवाशांसाठी बंद झालं, पुढे 1975 पर्यंत मालाला वापरलं आणि आता तिथे म्युझियम आहे. म्हणजे काय ठेवायचं, काय बदलायचं हे तपासणी आणि गरज ठरवते.

आपल्याकडे ही तपासणी रेल्वेचे इंजिनिअर करतात, दरवर्षी पावसाळ्यानंतर. मेसेज आला तर त्यात नदी, पुलाचा नंबर, पत्राची तारीख आहे का बघा. नंबर पुलावरच रंगवलेला असतो, तो देऊन 10 रुपये फी भरून माहिती अधिकारात शेवटच्या तपासणीबद्दल विचारता येतं.