जाताना आठ तास, येताना सात

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून निघालं आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी या साधारण ५,५४० किलोमीटरला साडेसहा-सात तास लागतात. 'विमानानं ध्वनीचा वेग ओलांडला' असे मथळे अशा वेळी हमखास येतात. ते खोटे. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण ज्या हवेतून विमान चाललं होतं ती हवाच पूर्वेकडे धावत होती. सरकत्या पट्ट्यावरून चालणाऱ्याला आपण धावपटू म्हणत नाही.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुक्काम आपोआप सरकत यायला नको का? नको. धावपट्टी, विमान, हवा, सगळंच पृथ्वीबरोबर फिरत असतं. प्रत्यक्षात उत्तर अटलांटिकवर पश्चिमेकडे जायलाच तासभर जास्त लागतो.

तरीही पृथ्वीचं फिरणं यात आहेच, फक्त आडवाटेनं. बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवा, वरच्या टोकाला खोडरबर बांधून गरागरा फिरवा आणि खालून दोरा ओढा. वर्तुळ आखडतं तसा खोडरबर सुसाट सुटतो. यालाच कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. विषुववृत्तावरची हवा पृथ्वीबरोबर ताशी १,६७० किलोमीटरनं फिरते. ती तापून वर चढते आणि ध्रुवाकडे सरकते. ३० अक्षांशावर पोचेपर्यंत पृथ्वीच्या आसापासूनचं तिचं अंतर ०.८७ पट उरतं, म्हणजे वेग १,९३० व्हायला हवा. तिथली जमीन मात्र १,४५० नंच फिरते. उरले ४८०, तेही पूर्वेकडे! घर्षण आणि हवेतले भोवरे यातला बराच वेग खातात, शिवाय आणखी उत्तरेकडच्या वाऱ्याच्या झोतांना थंड-उष्ण हवेतल्या तफावतीचं बळ मिळतं. उंचावरून पूर्वेकडे धावणारा हा वेगवान वारा म्हणजेच जेट स्ट्रीम. १९२० च्या दशकात जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले आणि निष्कर्ष एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापले. जगानं ते फारसे वाचलेच नाहीत.

म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर पाहून वेळ सांगता येत नाही. गोलावरची सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते, ते वेगळंच. पण ती वाटही वैमानिक वाऱ्यासाठी खुशाल सोडतात.

पश्चिमेला जाताना गेलेला वेळ पूर्वेला येताना भरून निघतो असं मात्र समजू नका. ५,४०० किलोमीटर, विमान ताशी ९००: वारा नसेल तर जाऊन-येऊन बरोबर १२ तास. ताशी १५० चा वारा धरला तर येताना ५ तास ९ मिनिटं, जाताना ७ तास १२ मिनिटं. २१ मिनिटांचा तोटा, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.